गेटमास्तरांचं पोतं

ज्या गावात अजून रेल्वे आलेली नाही, त्या आमच्या रत्नागिरीत एक गेटमास्तर राहतात. रेल्वे येणार, येणार हे ऐकत माझे केस पिकायला लागले, पण गेटमास्तर वीस वर्षांपूर्वीच येऊन हजर झाले आहेत. बाहेरगावचा पाहुणा आळीत हे नाव ऐकून बुचकळ्यात पडतो. मग आम्ही त्याला आळीच्या टोकाची पडवी दाखवतो आणि सांगतो, जा भेटायला, पण घाईत असाल तर जाऊ नका.

त्यांचं खरं नाव शांताराम नागवेकर. आमच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. इंग्रजीतल्या 'गेट' या एका क्रियापदाने त्यांना झपाटलं होतं. मास्तरांचं म्हणणं असं, की इंग्रज माणूस मुळात आळशी. आपल्याकडे मिळणं वेगळं, होणं वेगळं, पोचणं वेगळं, उठणं वेगळं, कळणं वेगळं. इंग्रजाने या सगळ्यांसाठी एकच शब्द ठेवला आणि वाचलेला वेळ जग जिंकण्यात घालवला. पत्र मिळालं तर गेट, पावसात भिजलं तर गेट, बसमध्ये चढलं तर गेट, उतरलं तरी गेट, विनोद कळला तर गेट, लग्न झालं तर गेट, आणि आजारातून उठलं तरी गेट. "आमची पोरं मुंबईला जातात," मास्तर म्हणायचे, "आणि या एका शब्दापाशी अडखळून पडतात. साहेब काय बोलला ते त्यांना कळतच नाही." म्हणून ते 'गेट'चे सगळे उपयोग गोळा करत होते. त्याचं पुस्तक करायचं होतं.

गोळा करण्याची त्यांची रीत अशी. जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पाठ फाडून, तिचे अर्धे अर्धे कागद करून, ते खिशात ठेवायचे. कुठेही गेट दिसला किंवा ऐकू आला, की लाल शाईचं पेन काढायचं आणि म्हणायचं, "लिहून घेतो हां." बिस्किटाच्या डब्यावरचा मजकूर, बंदरावरच्या खलाशांची शिवीगाळ, इंग्रजी सिनेमाची पोस्टरं, काहीही चालायचं. क्रिकेटची कॉमेंट्री लागली की ते चहाच्या हॉटेलात येऊन बसत. एकदा आपल्या संघाची पाचवी विकेट पडली, सगळं हॉटेल डोक्याला हात लावून बसलं, आणि हे खुशीत उठून मालकाला म्हणाले, "काय सुंदर बोलला हो. गेटिंग इंटू डीप ट्रबल. माझ्याकडे नव्हता हा." मालकाने त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

वर्गातही हेच. मास्तरांनी कुणाला 'गेट आउट' म्हटलं, की तो मुलगा उठून दारापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा, कारण उरलेला सगळा तास मास्तर त्या दोन शब्दांची फोड करत असत. त्यांच्या वर्गातून प्रत्यक्ष बाहेर गेलेला मुलगा माझ्या पाहण्यात नाही.

माणूस एकटा. लग्न केलं नाही, भाऊबंद मालगुंडकडे, त्यांच्याशी फारसं येणं-जाणं नाही. सुरुवातीला आळीतले लोक त्यांना सणासुदीला जेवायला बोलवत. पण पुरणपोळीचा पहिला घास आणि गेटचा पहिला अर्थ एकदमच यायचा. हळूहळू बोलावणी थांबली. कुणी तोडून बोललं नाही. त्यांचं पान मांडायचं विसरायला लागले, एवढंच.

एक प्रसंग मात्र सांगायला हवा. शेजारच्या पार्वतीकाकूंचे यजमान मुंबईला मिलमध्ये होते. एका दुपारी त्यांच्या घरी तार आली. आळीत तार आली की ती वाचायला मास्तरांना बोलवायचं हा रिवाज. काकू दारात, पदर तोंडाशी. मास्तरांनी तार उघडली. कंडिशन गेटिंग वर्स, स्टार्ट इमिजिएटली. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. मी शेजारीच उभा होतो. मला शरमेने कुठे पाहावं कळेना. पण हात खिशातून रिकामाच बाहेर आला. ते म्हणाले, "बरं नाहीये त्यांना. तुम्ही चार कपडे भरा, मी स्टँडवर जाऊन जागा धरतो." काकूंना घेऊन ते स्वतः मुंबईला गेले. चार दिवसांनी परतले. काका वाचले होते. स्टँडवरून मला पाहून मास्तर लगबगीने आले, खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "साळवी, आता लिहून घेतो हां. चार दिवस तोंडपाठ ठेवलाय."

इथपर्यंतचं मी कुणालाही हसत सांगत आलो. याच्या पुढचं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

एक्याऐंशी सालचा एप्रिल. मास्तर त्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. पुण्याच्या एका प्रकाशकाने त्यांना लिहिलं होतं, मेच्या पहिल्या आठवड्यात बाड घेऊन या, पाहू. अकरा वर्षांचे कागद. ते शाळेच्या कपाटात असत, पण त्या महिन्यात कपाटाला वाळवी लागली, म्हणून मास्तरांनी सगळे गठ्ठे एका पोत्यात भरून सामानाच्या खोलीत नेऊन ठेवले. पोत्यावर लाल शाईने नाव लिहिलं होतं. पोतं ठेवताना नाव भिंतीकडे गेलं.

त्याच खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांची पोती होती. आमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरताना आत आधी कागद लावतात, मग पेंढा, मग आंबा. हंगामात कागद फार लागतो. आमची चाळीस कलमं होती, आणि दरवर्षी मी शाळेतून एखादं पोतं घरी आणत असे. हेडमास्तरांना विचारून नव्हे. गंगाराम शिपाई मला काढून द्यायचा. त्या दिवशी गंगाराम पोस्टात गेला होता. ट्रक चारला येणार होता आणि घरून वडिलांचा निरोपावर निरोप. मी त्याच्या खुंटीवरची किल्ली घेऊन खोली उघडली आणि हाताला आलेलं पोतं सायकलला बांधून नेलं.

आमच्या घरापुढच्या खळ्यात मांडव घातलेला असतो, तिथे पेट्या भरायचं काम चाललं होतं. आई आणि दोन बायका कागद लावत होत्या, मी फळ्या ठोकत होतो. चौदा पेट्या ठोकून झाल्या. पंधराव्या पेटीला फळी लावताना, कडेने वर आलेल्या कागदावर मला लाल अक्षरं दिसली. ते अक्षर रत्नागिरीत एकाच माणसाचं. पोत्याकडे पाहिलं. तीन भाग रिकामं झालं होतं. उलटं करून पाहिलं. खाली नाव होतं.

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. लहान होतो, कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही. चौदा पेट्या खोलायला तासभर लागला असता. ट्रक कोपऱ्यावर हॉर्न देत होता, वडील ओरडत होते, आई म्हणाली, "काय झालं रे, असा काय उभा?" मी म्हटलं, "काही नाही." आणि खिळा ठोकला.

उरलेल्या पेट्यांना मी वर्तमानपत्रं लावायला सांगितली. पाव पोतं उरलं होतं, तेवढं तरी परत नेऊन ठेवता आलं असतं. पण मग बाकीचं कुठे गेलं, हा प्रश्न आला असता. ते मी न्हाणीच्या चुलीत घातलं. संध्याकाळी वडील आंघोळ करून आले आणि आज पाणी झकास तापलं होतं म्हणाले.

दोन दिवसांनी मास्तरांना कळलं. आरडाओरडा नाही, काही नाही. सामानाच्या खोलीतलं एकेक पोतं ते स्वतः जमिनीवर ओतत होते आणि परत भरत होते. धुळीने केस पांढरे झाले होते. शिक्षकांच्या खोलीत लोक आधी हसले. कुणी म्हणालं, गेट लॉस्ट झाला वाटतं. मीही हसलो.

मग हेडमास्तरांनी गंगारामला बोलावलं. किल्ली त्याच्याकडे. शाळेची रद्दी तो बाहेर देतो, हे सगळ्यांना ठाऊक. हेडमास्तरांनी त्याला तीन दिवस दिले. पोतं आण, नाहीतर राजीनामा लिहून दे. गंगाराम एवढंच म्हणत राहिला, "मी नाय ओ नेला. माझ्या पोरांची शपथ."

त्या संध्याकाळी तो माझ्या घरी आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. पायरीखाली उभा राहून, टोपी हातात घेऊन म्हणाला, "सर, रागावू नका. तुमी तं नाय ना नेलात, चुकून?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "बरं. मग नाय." आणि गेला. मला दरवर्षी पोतं मिळतं ही गोष्ट तो हेडमास्तरांना सांगू शकला असता. त्याने सांगितली नाही.

त्या तीन दिवसांत मी वर्गात काय शिकवलं मला आठवत नाही. भीती होती, दुसरं काही नाही. जूनमध्ये मला पर्यवेक्षक करणार होते. रोज ठरवायचो, आज सांगू. मास्तर समोरून यायचे, मी फळ्यावर गणित लिहायला वळायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर हेडमास्तरांच्या खोलीत गेले. आम्ही दाराशी जमलो. गंगाराम आतच होता, पुढ्यात कोरा कागद. मास्तर म्हणाले, "सापडलं हो. माझ्याच घरी, माळ्यावर. मीच नेलं आणि मीच विसरलो. गंगाराम, चूक झाली. म्हातारा झालो."

सगळे हसले. हेडमास्तरांनीही कपाळाला हात लावला. एकट्या मला माहीत होतं, की माळ्यावर काही असणं शक्य नाही. गंगारामचं डोकं टेबलावर टेकलं, ते बराच वेळ वर आलं नाही.

पुण्याला मास्तर गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, अजून काही अर्थ राहिलेत. निवृत्त झाले, आणि पहिल्या अर्थापासून परत लिहायला बसले.

पुढच्या एप्रिलात आमच्या खळ्यात पेट्या भरायचं काम सुरू झालं, आणि सकाळी आठला मास्तर हजर. न बोलावता. "कागद मी देतो," म्हणाले आणि वर्तमानपत्रांच्या ढिगाशी बसले. एकेक पान उचलायचं, दोन्ही बाजू डोळ्यांखालून घालायची आणि मगच आईच्या हातात द्यायचं. मधेच "लिहून घेतो हां" म्हणून काम थांबवायचं. आई वैतागायची, मग हसायची. दुपारी आमच्याकडेच जेवायचे, फणसाची भाजी मागून घ्यायचे. दोन आठवडे हे चालायचं. दुसऱ्या वर्षी परत. तिसऱ्या वर्षी आईच विचारू लागली, मास्तर कसे आले नाहीत अजून.

माझी मात्र त्या दोन आठवड्यांत झोप उडायची. हा माणूस प्रत्येक कागद तपासतो तो कशासाठी? माहीत असेल तर बोलत का नाही? नसेल तर इथेच का बसतो? मी फळी ठोकताना वर पाहायचो, तर ते माझ्याकडेच पाहत असायचे. नजर मिळाली की हसून म्हणायचे, "चालू द्या, साळवी." असे सात हंगाम गेले.

यंदा फेब्रुवारीत मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पार्वतीकाकू दोन्ही वेळचं जेवण नेऊन देतात. मार्चअखेर त्यांनी काकूंबरोबर निरोप पाठवला, साळवींना सांगा, यंदा येणं जमेलसं वाटत नाही.

तो निरोप ऐकला आणि मी चपला घातल्या. वाटेत वाक्यं जुळवत होतो, पण पडवीत पोचल्यावर त्यांतलं एकही आठवलं नाही. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मास्तर, ते पोतं मी नेलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. डाव्या हाताने त्यांनी कॉटखालची ट्रंक दाखवली.

ट्रंकेत चार बोटं जाडीचा एक गठ्ठा होता. लाल अक्षरं, आणि कागदांवर आंब्याच्या चिकाचे काळे डाग. मुंबईला दलालाच्या गाळ्यावर मास्तरांचा एक जुना विद्यार्थी पेट्या खोलायच्या कामाला होता. कागदावरचं अक्षर पाहून त्याला म्हणे दहावीसारखा घाम फुटला. हाताला लागले तेवढे कागद त्याने गोळा केले आणि परतणाऱ्या ट्रकबरोबर मास्तरांना धाडून दिले. सोबत चिठ्ठी, आणि चिठ्ठीत पेटीवरचा मार्का. आमचा. तो गठ्ठा मास्तरांना मिळाला गंगारामच्या मुदतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी.

मी खाली बसलो. मास्तर उलट मला समजावू लागले. एवढेच परत आले, पण बाकीचे वाया गेले नसतील. पेट्या पुढे घराघरांत गेल्या असतील. कुणीतरी आंबा काढता काढता वाचलं असेल. कुणा पोराला इंटरव्ह्यूत आठवलं असेल. "पुस्तकाचं काय, विकत घेणारेच वाचतात," ते म्हणाले. "हे फुकट पोचलं."

आठ वर्षं त्यांनी हे मनाशी धरलं होतं. मला तिथेच थांबता आलं असतं. ते खूश होते, आजारी होते, आणि चुलीतलं कुणीच पाहिलं नव्हतं. पण खिळा ठोकला त्या वेळीही असंच सगळं सोयीचं होतं.

"सगळे नाही गेले, मास्तर," मी म्हटलं. "पाव पोतं मी न्हाणीच्या चुलीत घातलं."

ते आढ्याकडे बघत राहिले. तिकडे बघतच विचारलं, "कुठले होते?"

"पाहिले नाहीत."

मग तोंडाची डावी बाजू थोडी हलली. "पाणी तापलं का तरी नीट?"

मी मान हलवली.

"गंगारामला सांगितलंत?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग आधी तिकडे जा. मी काय, इथेच आहे."

गंगाराम आता मालगुंडजवळ मुलाकडे असतो. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गेलो. त्याने मला खाट दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. नातवाच्या सदऱ्याला बटण लावत होता, ते लावून संपवलं. मग म्हणाला, "सर, त्या तीन दिसांत आमच्या घरात चूल नाय पेटली." मला सोडायला रस्त्यापर्यंतही आला नाही, आणि ते बरोबरच होतं.

परत येऊन मास्तरांना हे सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग मी विचारलं, इतकी वर्षं खळ्यात माझ्यासमोर बसलात, एका शब्दाने का बोलला नाहीत?

मास्तर चादरीची चुणी काढत होते. निघत नव्हती. "पहिल्या वर्षी वाटलं, समोर जाऊन बसलं की तुम्ही सांगाल," ते म्हणाले. "मग तुमच्या आईने फणसाची भाजी वाढली." चुणी परत ओढली. "मी बोललो असतो तर तुम्ही माफी मागितली असती, मी ती दिली असती, आणि सगळं मिटलं असतं. मग पुढच्या एप्रिलला मी कुठल्या तोंडाने येऊन बसायचं? मला दुसरं कोण बसू देत होतं, साळवी?"

परवा शनिवारी आमच्या पेट्या भरायच्या होत्या. या वर्षी मांडव घातला नाही. फळ्या, पेंढा, आंबे, सगळं हातगाडीवर घालून मास्तरांच्या पडवीत नेलं. आई आता थकली आहे, तीही येऊन पायरीवर बसली. मास्तरांच्या पाठीला उशा लावल्या आणि वर्तमानपत्रांचा ढीग त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. ते एकेक पान उचलत, दोन्ही बाजू पाहत, आणि आईला देत.

शेवटची पेटी. मी फळी लावली, खिळा धरला. ट्रक आळीच्या तोंडाशी येऊन हॉर्न देत होता.

"थांबा," मास्तर म्हणाले. हातातल्या पानावर पंख्याची एक इंग्रजी जाहिरात होती. "लिहून घेतो हां."

मी त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं आणि खालचा कागद धरून ठेवला. पहिलं अक्षर वळायलाच खूप वेळ लागला. हॉर्न परत वाजला, मग परत. आई माझ्याकडे पाहू लागली.

हातोडी मी मघाशीच खाली ठेवली होती.